उलटा डोळा

शर्ट काढा बाबा, उन्हाकडे तोंड करून बसा.
पट्टी बदलते तोवर विचारा काय ते.

शालिकराम यावले, वय एकसष्ट.
चाळीस वर्षं जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरले,
हात बसला त्या हंगामात दिवसाला हजार.
नागपूरचा डॉक्टर "ग्राफ्ट" म्हणाला
तेव्हा भीतीनं पांढरे पडलो आम्ही सगळे,
आणि हे खुदकन हसले.

"मले पह्यले सांग, बुड कुठी आहे?"

इथं. जरा डावीकडे. तुमच्या मुठीएवढं.
त्यातून महाधमनी निघते, अंगठ्याइतकी जाड,
आधी वर जाते, मग छत्रीच्या मुठीसारखी वळते.
वळणावर तीन फांद्या.
पहिली थोडी चालून फुटते:
उजवा हात तिचा, डोक्याची उजवी बाजू तिची.
तुमच्या चाकूला पाणी तिथून.
दुसरी सरळ मानेत. दोन बोटं ठेवा हनुवटीखाली.
जोरात नाही. हं, ही.
तिसरी हासळीखालून डाव्या हाताला,
डोळा धरता त्या हाताला.

"अन् खाली?"

खाली कण्याला टेकून उतरते,
आतड्यांना देत, दोन्ही गुर्द्यांना देत,
बेंबीपाशी येऊन दोन होते.
जांघेत ठोका सापडतो,
गुडघ्यामागे सापडतो पण शोधावा लागतो,
आणि शेवटचा पावलाच्या पाठीवर,
चपलेचा पट्टा येतो तिथं.

बाबांनी पट्टा सरकवला. बोट ठेवलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"इथलोक येते काय बाप्पा."

येते. पण बुडालाही पाणी लागतं.
महाधमनी निघते तिथंच, पहिल्या बोटभर अंतरात,
दोन बारक्या फांद्या मागे वळून हृदयावरच पसरतात.
तुमच्या त्याच तुंबल्या होत्या, तीन ठिकाणी.
आत पिवळं, चिकट…

"डिंक्या."
माझं वाक्य त्यांनीच संपवलं.
"आमी बोर्डो लावतो."

म्हणून छातीच्या आतल्या भिंतीवरची एक धमनी घेतली.
मुळापासून तोडली नाही,
नुसतं टोक वाकवून हृदयावर शिवलं.
"मंग हे भेटकलम झालं. अन् पायाची?"
पायाची पूर्ण काढली, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत.
ती शीर होती बाबा, धमनी नव्हे.
साठ वर्षं थकलेलं रक्त चढावर नेलं तिनं,
आता तिला दर ठोक्याचा धक्का सोसायला शिकायचंय.
तिच्या आत झडपा असतात, एकाच बाजूला उघडणाऱ्या,
म्हणून शिवताना उलटी करतात.

"उलटी?"

कापूस माझ्या हातात तसाच.
"उलटा डोळा भरला तं गिऱ्हाईक कलम वापस आणते.
मन्साराम धुर्वेचे साठ डोळे उलटे निघाले एक डाव.
उभ्या नर्सरीत, सगळ्यांसमोर हाकललं मी त्याले.
पोरगं होतं. सतरा वर्षाचं."

मी टाके पुसले. कोरडे होते.

जानेवारीत सातपुड्याकडून गार वारा सुटला.
नर्सरीत मजूर ओळीनं बसले, बाबा स्टुलावर,
वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही.
तरी कडेच्या एका खुंटावर, वीतभर उंचीला,
त्यांनी स्वतः साल चिरली,
डोळा आत सरकवला, खाली तोंड करून,
प्लास्टिकची पट्टी गुंडाळली
आणि वर लाल दोरा.
"काय करता?" तर म्हणे, "पाहू."

तीन आठवड्यांनी पट्टी सोडली.
कोंब जमिनीकडे निघाला होता,
दोन बोटं खाली जाऊन थबकला होता,
आणि तिथून वळून, सरळ वर.
वळणाची साल जरा जाड, जरा जास्त हिरवी.

बाबांनी वळणावर दोन बोटं ठेवली,
मी मनगटावर ठेवते तशी.
जोरात नाही.

मग माझ्याकडे न पाहता:
"मन्सारामचा नंबर आहे काय वं तुह्यापाशी?"